सतरावा खिळा

अडकलेली मासोळी सोडवायची तर पहिला नियम असा की ओढायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण पाण्याखाली कुठेतरी गळ रुतलेला असतो, काठी वाकलेली असते, नायलॉनचा तंगूस ताणून बोटात रुततो आणि सगळं अंग म्हणत असतं, ओढ! अशा वेळी हात सैल सोडायला फार मोठं मन लागतं. ते बाबांकडे होतं. माझ्याकडे नव्हतं, आणि त्याचीच ही हकिकत आहे.

बाबा सुतार. खुर्च्या-टेबलांच्या कारखान्यात तीस वर्षं काढली त्यांनी. खुर्चीच्या पायांचे उरलेले तुकडे खिशात घालून घरी आणायचे आणि रविवारी दुपारी खिडकीत बसून त्यातून बोटभर लांबीचे मासे कोरायचे. पोटात शिसं, हनुवटीखाली पत्र्याची चकती, म्हणजे पाण्यातून ओढताना मासा डुलत चालतो, आणि खाली तीन टोकांचे दोन गळ. खऱ्या माशाला फसवायला केलेला हा खोटा मासा. बाबा त्याला मासोळी म्हणायचे. पुढच्या खोलीत एक लांब फळी होती, तिला चोवीस खिळे, प्रत्येक खिळ्यावर एक मासोळी. भिंतीवर आमचा भावंडांचा एकही फोटो नव्हता. दादा म्हणायचा, "आपण गळाला लागलो नाही ना, म्हणून."

गावाबाहेर दगडाची बंद पडलेली खाण होती. खाली झरा फुटला तसं काम थांबलं आणि चार-पाच वर्षांत खाण काठोकाठ भरली. मालकाने आत एक जुनी क्रेन तशीच सोडून दिली होती, ती पाण्याखाली गेली. आमच्या मासोळ्या बरोबर तिच्या सांगाड्यात जाऊन अडकायच्या. बाबा त्या जागेला 'जावई' म्हणायचे. का, तर हाती पडेल ते ठेवून घेतो आणि वर तोंड करून आणखी मागतो. आई हे ऐकून हसायची आणि मग आठवण झाल्यासारखी म्हणायची, "अहो, तुम्हीही कुणाचे तरी जावईच आहात."

पण बाबा जावयालाही पुरून उरायचे. मासे मिळाले नाहीत तरी चालायचं, मासोळी परत आलीच पाहिजे. अडकली की आधी ढील द्यायचे, निवांत. मग काठी काखेत धरून तंगूस दोन बोटांच्या चिमटीत घ्यायचा, ताणायचा आणि पटकन सोडायचा. तो सुटला की खाली मासोळी क्षणभर मागे उडी मारते. दोनदा असं करायचं, मग थांबायचं, मग पुन्हा दोनदा. "मध्ये थांबायचं कशाला?" मी विचारायची. "अगं, तिलाही कळायला नको का, कुणीतरी सोडवतंय ते?" तेवढ्याने नाही जमलं तर खाणीला वळसा घालून समोरच्या काठावर जायचं, म्हणजे उलटीकडून ताण बसतो. आणि अगदीच हट्टी निघाली तर मग कुलूप.

कुलूप म्हणजे साधं, पितळेचं, मुठीएवढं जुनं कुलूप. त्याला बारीक दोरी बांधलेली. ते तंगुसाभोवती लावायचं, किल्ली खिशात टाकायची आणि कुलूप तंगुसावरून खाली घरंगळू द्यायचं. तळाशी ते मासोळीच्या नाकावर आपटतं आणि वजनाने तिला मागे ढकलतं. दोरी वर ओढायची, पुन्हा सोडायची. दोरीला एकेका वावेवर गाठ होती. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होतं तेवढं अंतर, आणि हात अर्थातच बाबांचे. जावई सात वाव खोल होता. हा आकडा आम्हा दोघा भावंडांना पाढ्यासारखा पाठ होता.

मी चौदा वर्षांची होते. त्या रविवारी दादाला लागोपाठ दोन मासे लागले होते आणि तो माझ्यापुढे असा काही मिरवत होता की माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी बाबांना न विचारता डब्यातून सतरा नंबरची मासोळी काढली. पिवळ्या पोटाची, हिरव्या पाठीची, लाल डोळ्याची. सगळ्यांत देखणी. बाबा ती फक्त बघायला आणायचे, पाण्यात सोडायचे नाहीत. मी ती जोरात भिरकावली आणि ती सरळ जावयाच्या घशात गेली.

"ढील दे, नकटे," बाबा मागून म्हणाले. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "ओढू नकोस. ढील दे."

मी ओढलं. दोन्ही हातांनी, पाय रोवून, दात-ओठ खात ओढलं. तंगूस तुटला आणि मी मागे दगडांवर आपटले.

बाबांनी आधी माझं कोपर बघितलं. मग तंगुसाचं तुटकं टोक गोळा केलं, बोटाभोवती गुंडाळलं आणि खिशात ठेवलं. ओरडले नाहीत. दहा वेळा ओरडले असते तर परवडलं असतं. पुढे वर्षभर दर रविवारी ते एकटे खाणीवर जायचे, गळ टाकून टाकून ती मासोळी शोधायचे आणि हात हलवत परत यायचे. त्यांनी सतराव्या खिळ्यावर दुसरी मासोळी कधीच लावली नाही. मी जेवायला बसायचे तिथून तो रिकामा खिळा समोर दिसायचा. त्यानंतर मी काठी हातात धरली नाही.

या गोष्टीला तेहतीस वर्षं झाली. मी शिकले, रक्त-लघवी तपासायच्या प्रयोगशाळेत लागले आणि आजवर तिथेच आहे. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसते. काचेवर दिसेल ते लिहायचं, दिसणार नाही ते लिहायचं नाही, हा माझा धंदा. भुताखेतांच्या गोष्टी कुणी सांगायला लागलं की मला जांभया येतात. हे आधीच सांगून ठेवते.

आठ महिन्यांपूर्वी बाबांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. डावी बाजू गेली, वाचा गेली. दादा-वहिनींनी पुढच्या खोलीतच त्यांचा पलंग मांडला. तो सागवानी पलंग बाबांनीच लग्नाच्या वर्षी केलेला. अंगात काही उरलं नव्हतं, नळीने पातळ अन्न जायचं. डॉक्टर दर महिन्याला म्हणायचे, आता काही दिवस. आणि दर महिन्याला बाबा त्यांना खोटं पाडायचे.

फक्त उजव्या हाताची दोन बोटं चालू होती. चादरीची कड चिमटीत धरायची, ताणायची, सोडायची. ताणायची, सोडायची. मग थांबायचं. मग पुन्हा दोनदा. डॉक्टर म्हणाले, या आजारात असं होतं, त्याला अर्थ नसतो. दादाने माझ्याकडे पाहिलं आणि मी त्याच्याकडे. बाबांची नजर समोरच्या फळीवर होती.

"जीव कशात तरी अडकलाय हो त्यांचा," वहिनी स्वयंपाकघरात हळूच म्हणाली. "बघवत नाही. सुटले तर बरं."

"कशात अडकलाय ते काय आपल्याला माहीत नाही?" दादा म्हणाला. मग माझ्याकडे वळून, नेहमीच्या थट्टेच्या सुरात, पण डोळे पुसत, "जा ना. घेऊन ये."

"तेहतीस वर्षं पाण्यात आहे ती. लाकूड आहे, दादा. कुजून चिखल झाला असेल."

"बरं."

त्याने वाद घातला असता तर मी गेले नसते.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी सहाला बाबांची काठी, डबा आणि कुलूप घेऊन निघाले. बाबांच्या अंगाखाली तेव्हा जुनी तपकिरी चादर होती. हे मला नीट आठवतं, कारण निघताना मीच ती त्यांच्या खांद्याशी सारखी केली होती. त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं, "बाबा, जावयाकडे जाऊन येते." बोटं क्षणभर थांबली आणि पुन्हा सुरू झाली.

खाणीला आता तारेचं कुंपण आहे आणि एक म्हातारा वॉचमन. तो म्हणाला, "बाई, इथे आता मासे नाहीत."

"मला मासे नकोत," मी म्हटलं. त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि फाटक उघडलं.

आत काही बदललं नव्हतं. तीच कापलेल्या दगडाची उभी भिंत, छिन्नीच्या खुणांसकट. तोच सपाट दगड, ज्यावर आई डबे उघडून बसायची. त्याच्या खाचेत दादाने खिळ्याने कोरलेलं त्याचं नाव होतं आणि खाली मी कोरलेलं 'गाढव'. मी तिथे बसून मनसोक्त रडून घेतलं. कुणी बघायला नव्हतं. मग उठून काठी जोडली, साधी तपकिरी मासोळी लावली आणि जावयाच्या दिशेने टाकली. तेहतीस वर्षांनीही हात चुकला नाही. तिसऱ्या वेळी ती अडकली.

मी ढील दिली. मनात वीस आकडे मोजले. काठी काखेत घेतली, तंगूस चिमटीत धरला. ताणला, सोडला. ताणला, सोडला. थांबले.

तंगूस माझ्या बोटात दोनदा हलला.

नायलॉन ताणला की परत येतो, त्यात नवल नाही. मी घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट थांबले आणि पुन्हा दोनदा केलं. मिनिटभर काही नाही. मग खालून दोनदा. थांबून, पुन्हा दोनदा.

फोन वाजला. दादा होता. मी तो स्पीकरवर टाकून दगडावर ठेवला.

"कुठे आहेस?"

"खाणीवर. का रे?"

"काही नाही. बाबांची बोटं आज फार जोरात चालली आहेत. एवढी कधी नव्हती."

"आत्ता चालू आहेत?"

"आत्ता... थांबली." तंगूस माझ्या बोटावर निपचित होता. "हं, झाली सुरू. एक. दोन."

माझ्या बोटात एक. दोन.

"दादा, फोन ठेवू नकोस," मी म्हटलं. "काही बोलू नकोस, पण ठेवू नकोस."

मला काही सुचेना, म्हणून पुढची पायरी केली. कुलूप तंगुसाभोवती लावलं, किल्ली खिशात टाकली आणि दोरी सोडत गेले. गाठी हातातून जात होत्या. पाच, सहा, सात. सातला ते थांबायला हवं होतं. आठ. नऊ. ही खाण एवढी खोल नाहीच. अकरा गाठी गेल्या. बारावी, शेवटची, हातात आली तेव्हा कुलूप कशावर तरी टेकलं.

दगडावर टेकलं की हाताला वेगळं कळतं, लोखंडावर वेगळं. मी सुताराची मुलगी आहे. ते लाकूड होतं.

मी दोरी हातभर वर घेतली आणि सोडली.

"थांब गं," फोनमधून दादा म्हणाला. "दार वाजतंय." पावलं गेली, आली. "कुणी नाही."

मी पुन्हा सोडली.

"दार नाही," दादाचा आवाज खाली आला होता. "पलंगाखाली वाजतंय काहीतरी."

"बघ."

"बघितलं. काही नाही गं खाली. तू काय करतेयस तिकडे?"

मी पाण्याकडे पाहिलं. ऊन चांगलं वर आलं होतं, पाणी हिरवं आणि स्वच्छ दिसत होतं. तंगूस त्यात सरळ खाली गेला होता. खालून दोनदा, थांबून दोनदा. शांतपणे. अजिबात घाई न करता. खाली जे कोण होतं त्याला हे काम माझ्यापेक्षा चांगलं येत होतं.

आणि मला कळलं की आणखी एकदा कुलूप टाकलं की हे सुटणार आहे. सुटलं की काय होणार हेही कळलं. मी त्याचसाठी आले होते ना? घरातले सगळे तेच मागत होते. वहिनी, डॉक्टर, दादा. आदल्या रात्री मीही मागितलं होतं.

पण बाबा माझ्या बोटाच्या टोकाला होते. आठ महिन्यांत पहिल्यांदा ते माझ्याशी बोलत होते. मला त्यांना सोडायचं नव्हतं.

मी ओढलं.

दोन्ही हातांनी. पाय रोवून.

फोनमधून ओरडणं आलं. दादाचं नव्हतं. तो आवाज मी आठ महिने ऐकला नव्हता.

"बाबा! अगं इकडे ये, धर त्यांना! बाबा, काय होतंय?"

काठी कमानीसारखी वाकली होती. तंगूस माझ्या तळहातात घुसला होता आणि वाजत होता.

"बोलले!" दादा रडत होता. "काहीतरी बोलले! ढील... ढील, म्हणताहेत."

मी रिळाचा खटका उघडला.

तंगूस पाण्यावर वेटोळी टाकत पसरला. मी काठी खाली केली. हात सैल सोडले, जसे त्यांनी शिकवले होते. वीस आकडे मोजले.

दोनदा हललं. अगदी हलकं.

मग काही नाही.

मग फोनमधून वहिनीचा आवाज आला, "अहो... अहो, बघा ना."

मी रीळ फिरवलं. कुठेही अडकलं नाही. आधी कुलूप वर आलं, मग तपकिरी मासोळी, आणि तिच्या मागच्या गळात गळ गुंतून पिवळ्या पोटाची. रंग जसाच्या तसा होता. लाल डोळा लाल होता. तिच्या गळाच्या एका टोकाला धाग्यांचा पुंजका अडकला होता, पांढरा, मध्ये निळा. चिंधी असेल म्हणून मी तो काढून रुमालात ठेवला. का ठेवला, सांगता येत नाही. सवय असेल, सापडेल ते ठेवायची.

घरी पोचले तेव्हा शेजारपाजारचे जमले होते. बाबांचा चेहरा खरोखर शांत होता, हे नुसतं म्हणायचं म्हणून म्हणत नाही. मी माणसांतून वाट काढत भिंतीपाशी गेले आणि मासोळी सतराव्या खिळ्यावर लावली. दादाने ते पाहिलं आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. त्या दिवशी मला वाटलं, झालं, मी चूक फेडली. मन हलकं झालं होतं, खोटं कशाला बोलू.

आठवड्याने आम्ही दोघी बाबांचे कपडे आवरत होतो. वहिनीने एक चादर झटकली आणि म्हणाली, "ही बघ ना. कोरी करकरीत चादर. तू खाणीवर गेलीस त्यानंतर घातली होती, आठ वाजता. कशी फाटली देव जाणे."

पांढरी चादर, निळ्या रेघांची. मी ती याआधी पाहिलेली नव्हती.

"त्यांच्याच हाताने ओढली असेल," मी म्हटलं.

"हात कसा पोचेल? पाठीखाली आहे बघ फाटलेलं. बरोबर मधोमध."

मी चादर मागून घेतली. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत सगळे जेवायला गेल्यावर रुमालातला धागा आणि चादरीचा धागा शेजारीशेजारी काचेवर ठेवून पाहिले. पीळ तोच, जाडी तीच, निळा तोच. काचेवर दिसलं ते मी कागदावर लिहिलं आणि कागद फाडून टाकला.

संध्याकाळी दादाकडे जाऊन पलंगावरची गादी उलटीसुलटी करून पाहिली. तिला साधा ओरखडाही नव्हता. मग चादर दिव्यासमोर धरली. भोक लहानसं होतं, तीन टोकांचं. बाबांच्या बोटांनी ओढली असती तर धागे वर निघाले असते. ते सगळे खालच्या बाजूला वळलेले होते, गादीकडे. आणि हळूहळू सैल झालेले नव्हते. मी ओढलं त्या एकाच हिसक्यात तुटले होते.